स्नानाचें पाणी किती ऊन असावें?



‘विसण’ हा शब्द आपणांपैकीं किती घरांत अजून ऐकूं येतो, कोण जाणे! माझ्या लहानपणीं तो रोज सकाळीं कानांवर पडे. न्हाणीघराच्या कोपऱ्यांत तांब्याचा बंब धुमसत असे, आणि त्याच्या तोटींतून घंगाळांत पडणारें पाणी इतकें कढत असे कीं, त्यांत बोट घालण्याची कोणाची छाती होत नसे. त्या कढत पाण्यांत जें गार पाणी मिसळून तें अंगावर घेण्याजोगें करावयाचें, तें विसण. आमच्या आजीचा या बाबतींत एक कडक नियम होता. घंगाळांत प्रथम गार पाणी पडलें पाहिजे, आणि कढत पाणी त्यावर. उलट क्रम झालेला तिला खपत नसे. मग पाणी तळापासून ढवळावयाचें, आणि अखेर तळहातानें नव्हे, तर कोपर बुडवून पाहावयाचें. तळहात कां चालत नाहीं, असें मीं एकदां विचारलें असतां ती म्हणाली, “तो रोज चुलीशीं खेळतो. त्याचें काय ऐकायचें?”

आजी शाळेंत गेलेली नव्हती. तिच्या त्या एका वाक्यांत किती शास्त्र भरलेलें होतें, हें कळावयास मला जवळजवळ साठ वर्षें लागलीं, आणि त्याची किंमत माझ्या नातीच्या पायानें दिली.

आजचा विषय तसा अगदीं घरगुती आहे. स्नानाच्या टबावरील तोटींतून येणारें पाणी जास्तींत जास्त किती ऊन असावें, आणि तें त्याहून ऊन येऊंच नये अशी व्यवस्था कशी करावी, एवढाच. आपल्याकडे टब असलेलीं घरें थोडीं; परंतु एकच मूठ डावीउजवीकडे फिरवून ऊन आणि गार पाणी मिसळणारी तोटी आतां पुण्यामुंबईच्या नव्या घरांत सर्रास दिसते, आणि ज्यांचीं मुलेंबाळें परदेशीं आहेत त्यांना तर टबाशीं गांठ पडतेच. पूर्वीं विसण घालणारा हात डोळ्यांसमोर असे. आतां तें काम भिंतीच्या आंत, नळाच्या पोटांत होतें, आणि तें नीट झालें कीं नाहीं हें पाणी अंगावर पडल्यावरच कळतें.

सन २०१९ च्या आरंभीं, भर हिवाळ्यांत, आम्ही उभयतां न्यू जर्सींत कन्येकडे राहावयास गेलों होतों. घर भाड्याचें होतें. तीं मंडळी तेथें नुकतींच आलीं होतीं. नात दीड वर्षांची. एके दिवशीं संध्याकाळीं कन्येला कामावरून यावयास उशीर झाला, तेव्हां नातीला न्हाऊ घालण्याचें काम मीं आपण होऊन पत्करलें. कन्येनें दूरध्वनीवरून दोनतीन सूचना करावयास आरंभ केला, तोंच मीं तिला थांबविलें. “दोन मुलें न्हाऊ घालून वाढविलीं आहेत, मला शिकवूं नकोस,” असें मी म्हटल्याचें मला पक्कें आठवतें. हें वाक्य मीं उच्चारलें नसतें तर पुढची गोष्ट सांगणें मला थोडें सोपें गेलें असतें.

टबांत वीतभर पाणी घेतलें. तें मला बरें वाटलें, म्हणून नातीला आंत बसविलें. थोड्या वेळानें पाणी निवतें आहे असें वाटून, ती आंत असतांनाच, मीं तोटीची मूठ उन्हाकडे फिरविली आणि धारेखालीं हात धरला. हाताला तें कोमट लागलें. म्हणून मूठ आणखी थोडी फिरविली. मला मधुमेह होऊन त्या वेळीं अकरा वर्षें झालीं होतीं, आणि बोटांचीं टोकें बधिर होत चाललीं आहेत हें डॉक्टरांनीं मला सांगितलेंहि होतें. परंतु लेखणी धरतां येते तोंवर माणूस अशा गोष्टी मनावर घेत नाहीं. नातीनें खेळतां खेळतां डावें पाऊल त्या धारेखालीं नेलें. ती किंचाळली, तेव्हां प्रथम मला तिला कांहीं चावलें कीं काय असेंच वाटलें. दोन क्षण त्या विचारांत गेले. मग मीं तिला उचललें.

पावलाच्या वरची त्वचा लालबुंद झाली होती. आमच्या मंडळींनीं धांवत येऊन तें पाऊल हातधुण्याच्या तोटीच्या गार धारेखालीं धरलें आणि बराच वेळ तसेंच धरून ठेवलें. डॉक्टरांनीं पाहून भाजणें वरवरचें आहे, डाग राहणार नाहीं, असें सांगितलें, आणि तसेंच झालें. घरांत मला कोणी एका शब्दानेंहि बोललें नाहीं. ती रात्र मीं जागून काढली.

दुसऱ्या दिवशीं जावईबापूंनीं स्वयंपाकघरांतील उष्णतामापक आणला आणि आम्ही दोघांनीं पाणी मोजलें. मूठ संपूर्ण उन्हाकडे फिरवून तीन मिनिटें पाणी वाहूं दिलें व तें पेल्यांत धरलें. पारा म्हणण्याची आपली जुनी संवय. तेथें पारा नव्हता, आंकडेच उमटत होते. ते ६१ अंशांवर स्थिर झाले.

आतां ६१ अंश म्हणजे काय, हें थोडें सविस्तर सांगितलें पाहिजे. आपल्या शरीराची स्वाभाविक उष्णता ३७ अंश. लहान मुलाच्या स्नानाला ३७-३८ अंशांचें पाणी योग्य. मोठ्या माणसाला ४० अंशांचें पाणी चांगलें ऊन लागतें, आणि ४२-४३ च्या पुढें बहुतेकांना तें सोसवत नाहीं. म्हणजे सुखावह पाणी आणि नकोसें पाणी यांच्यांत अंतर अवघें चारपांच अंशांचें. त्यापुढें त्वचा भाजणें किती लवकर होतें, याचा पद्धतशीर हिशेब प्रथम अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या दोघां संशोधकांनीं केला व तो १९४७ मध्यें प्रसिद्ध झाला. डुकराची त्वचा पुष्कळशी माणसाच्या त्वचेसारखी असते. तिच्यावर, व कांहीं स्वयंसेवकांच्या त्वचेवरहि, त्यांनीं निरनिराळ्या उष्णतेचें पाणी निरनिराळा वेळ लावून पाहिलें. त्यांना असें दिसून आलें कीं, ४४ अंशांच्या पाण्यानें प्रौढ माणसाची त्वचा भाजावयास सुमारें सहा तास लागतात. ४९ अंशांस पांच ते दहा मिनिटें पुरतात. ५५ अंशांस अर्धें मिनिट, ६० अंशांस सुमारें पांच सेकंद, आणि ७० अंशांस एक सेकंद किंवा त्याहूनहि कमी.

मी जन्मभर मुलांना त्रैराशिक शिकविलें. त्रैराशिकाची संवय झालेल्या मनाला हे आंकडे पचत नाहींत. ४९ आणि ६० यांत अंतर अकरा अंशांचें. म्हणजे उष्णतामान चतुर्थांशानेंसुद्धां वाढलें नाहीं. परंतु वेळ मात्र शेकडों सेकंदांवरून पांच सेकंदांवर, म्हणजे सुमारें शंभर पटींनीं खालीं आला! ४४ पासून ५१ अंशांपर्यंत तर एकेका अंशागणिक हा वेळ जवळजवळ निम्मा होत जातो. म्हणून ‘थोडें जास्त ऊन’ हा शब्दप्रयोग स्नानाच्या पाण्याला लागूं करणें धोक्याचें आहे. चहा थोडा जास्त ऊन असला तर जीभ पोळते. स्नानाचें पाणी थोडें जास्त ऊन असलें तर मूल हात वर करून ‘उचल’ म्हणेपर्यंत जो वेळ जातो, तेवढाहि वेळ हातीं राहत नाहीं. त्यांतून वर सांगितलेले आंकडे प्रौढांचे आहेत. मुलाची त्वचा पातळ, म्हणून ती याहून पुष्कळ लवकर भाजते. वृद्धांचीहि पातळ होत गेलेली असते, शिवाय त्यांची बाजूला सरकण्याची चपळाई गेलेली. आणि माझ्यासारख्या मधुमेह्याला तर ऊन पाणी ऊन आहे हेंच उशिरां समजतें. मीं दोन क्षण विचारांत घालविले, असें मघाशीं सांगितलें. ६१ अंशांच्या पाण्याशीं तो हिशेब आपणच मांडून पाहावा.

मग प्रश्न असा कीं, अंगावर घ्यावयाचें पाणी जर ३८ ते ४१ अंशांचें, तर तें ६० पर्यंत तापवावेंच कां? याला दोन कारणें आहेत. एक काटकसरीचें: टांकीतलें पाणी जितकें कढत, तितकें त्यांत विसण जास्त घालतां येतें आणि तीच टांकी जास्त माणसांना पुरते. दुसरें कारण आरोग्याचें आहे. सन १९७६ मध्यें अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं माजी सैनिकांचें एक संमेलन भरलें होतें. तेथें आलेल्या लोकांत फुप्फुसदाहाची विलक्षण सांथ उद्भवून कित्येक जण दगावले. तिचा जंतु पुढल्या वर्षीं सांपडला व त्याला ‘लीजनेला’ हें नांव मिळालें. हा जंतु कोमट, साचलेल्या पाण्यांत, सुमारें २० ते ४५ अंशांच्या दरम्यान, सुखानें वाढतो आणि तुषारांवाटे श्वासांत जातो. फिलाडेल्फियाचा संशय वातानुकूलनाच्या पाण्यावर होता. परंतु मोठ्या इमारतींतील ऊन पाण्याच्या टांक्या आणि नळ हेहि त्याचें आवडतें वसतिस्थान आहे, असें पुढें ठरलें. ६० अंशांच्या पाण्यांत तो टिकत नाहीं. म्हणजे टांकींत पाणी कढत असावें असें एक शास्त्र सांगतें आणि तोटीशीं तें सौम्य असावें असें दुसरें. या दोहोंचा मेळ घालावयाचा तर टांकी आणि अंग यांच्यामध्यें कोठेंतरी खात्रीचें विसण पडलें पाहिजे. पुन्हां आजीच्याच घंगाळापाशीं आपण आलों!

हें विसण माणसाच्या सावधगिरीवर सोपवावें कीं यंत्रावर, या वादाचा निकाल लावणारी एक हकीकत वॉशिंग्टन संस्थानांतील आहे; राजधानीचें वॉशिंग्टन नव्हे, पश्चिम किनाऱ्यावरचें. तेथील सिॲटल शहरांत केनेथ फेल्डमन व त्यांचे सहकारी या डॉक्टरांनीं नळाच्या पाण्यानें भाजून रुग्णालयांत आलेल्या मुलांची पाहणी करून १९७८ मध्यें ती प्रसिद्ध केली. त्यांनीं कांहीं घरांत जाऊन टबाच्या तोटीचें पाणी मोजलें, तों बहुतेक घरांत तें ५४ अंश किंवा त्याहूनहि अधिक निघालें. आईबाप निष्काळजी होते म्हणावें, तर शेजारपाजारचे सगळेच निष्काळजी ठरले असते. दोष पाणी तापविणाऱ्या यंत्रांचा होता. कारखान्यांतून तीं तशींच लावून येत. १९८३ मध्यें त्या संस्थानानें कायदा केला कीं, घरांत बसविल्या जाणाऱ्या नव्या यंत्राची कळ फॅरनहाइटच्या १२० अंशांवर, म्हणजे आपल्या ४९ अंशांवर, लावलेली असली पाहिजे. घरमालकास ती वाढवावयाची मुभा होती. परंतु आहे तें तसेंच राहूं देणें हा मनुष्यस्वभाव. कांहीं वर्षांनीं पुन्हां पाहणी झाली, तेव्हां बहुसंख्य घरांतलें पाणी ५४ अंशांच्या खालीं उतरलें होतें आणि नळाच्या पाण्यानें भाजून रुग्णालयांत दाखल होणाऱ्या मुलांची संख्या निम्म्याहून कमी झाली होती. पुढें इंग्लंड व वेल्समध्यें २०१० पासून नव्या घरांतील टबाच्या तोटीचें पाणी ४८ अंशांहून अधिक ऊन येतां कामा नये, असा नियम झाला.

शिक्षकाच्या पेशांत माझी हयात सूचना देण्यांत गेली. जिन्यावरून धांवूं नका, हें मीं किती हजार वेळां सांगितलें असेल याची गणती नाहीं. मुलें धांवतच राहिलीं. शेवटीं एका सुताराकडून जिन्याला मधोमध कठडा घालून घेतला, तेव्हां पडणें थांबलें. म्हणून सिॲटलची हकीकत मला मनापासून पटते.

आतां तोटीकडे वळूं. आमच्या कन्येच्या घरीं तळघरांत वायूवर चालणारी टांकी होती. तिच्या कळीवर अंशांचे आंकडे नव्हतेच. एके ठिकाणीं त्रिकोणाची खूण आणि पुढें ए, बी, सी अशीं अक्षरें. त्रिकोण म्हणजे बहुधा ४९ च्या आसपास, ए म्हणजे ५४, बी म्हणजे ६०. कळ बी वर होती. आधींच्या भाडेकऱ्यानें तशी ठेवली असावी. ती खालीं आणणें हा एक उपाय झाला. परंतु त्या कळीचा नेमकेपणा बेताचाच असतो, आणि ती उद्यां कोणीहि पुन्हां फिरवूं शकतो. म्हणून मुख्य बंदोबस्त तोटीशींच करावा.

एका मुठीच्या पुष्कळशा तोट्यांत त्या मुठीखालीं प्लॅस्टिकचें एक दांतेरी कडें असतें. मूठ उन्हाच्या बाजूला किती फिरावी, ही मर्यादा तें कडें ठरवितें. मुठीवरची लहानशी टोपी काढली कीं आंत एक मळसूत्र दिसतें. कांहींत तें बाजूला असतें व त्याला षट्कोनी चावी लागते. तें सोडवून मूठ काढावयाची, कडें किंचित् बाहेर ओढावयाचें, एक दांता गार बाजूला सरकवून पुन्हां बसवावयाचें, आणि मूठ लावून पाणी मोजावयाचें. एवढेंच. भिंतींतील मुख्य भागास हात लावण्याचें कारण नाहीं. मात्र मोजणें नीट झालें पाहिजे. टांकी भरपूर तापलेली असावी. कोणी नुकतेंच कपडे धुतले असतील तर तासभर थांबावें. मूठ कडें अडवील तेथपर्यंत पूर्ण उन्हाकडे न्यावी, दोनतीन मिनिटें पाणी वाहूं द्यावें आणि मग पेल्यांत धरून मोजावें. आमच्याकडे एकेका दांत्यानें तीन ते चार अंश उतरत गेले. पहिल्या दांत्याला ५७, मग ५४, मग ५०. चौथ्याला ४६ आले तेथें आम्ही थांबलों. ४९ ही शेवटची सीमा समजावी, मुक्काम नव्हे.

या युक्तींत एक गोम आहे, व ती पुष्कळांना ठाऊक नसते. तें कडें उष्णता ओळखीत नाहीं. ऊन पाण्याचा हिस्सा किती, एवढेंच तें ठरवितें. हिवाळ्यांत गार नळाचें पाणी अतिशय थंड असतें, तेव्हां जो हिस्सा ४६ अंश देतो, तोच हिस्सा उन्हाळ्यांत अधिक देणार. जुलै महिन्यांत मीं कन्येला पत्र पाठवून पुन्हां मोजावयास सांगितलें, तर ५० भरले! आणखी एक दांता सरकवावा लागला. म्हणून निदान ऋतु पालटला कीं, आणि टांकीच्या कळीला कोणी हात लावला कीं, पाणी मोजावें.

अशा तोट्यांच्या पोटांत बहुधा दाब सांभाळणारा एक लहानसा दट्ट्या असतो. घरांत कोणी दुसरीकडे गार पाणी सोडलें आणि गार नळाचा दाब पडला, कीं तो ऊन पाण्याचीहि वाट तितकीच आंखडतो. तेव्हां अकस्मात् चटका बसण्याचें भय टळतें. परंतु हा दट्ट्याहि दाबच जाणतो, उष्णता जाणत नाहीं. याहून वरच्या प्रतीच्या तोटींत मेणाची एक डबी असते. पाणी ऊन झालें कीं मेण फुगतें आणि ऊन पाण्याचें द्वार ढकलून लोटतें. गार पाणी अजीबात बंद पडलें तर ऊनहि बंद होतें. तिच्या मुठीवर ३८ अंशांशीं एक खुंटी असते; ती दाबल्यावांचून मूठ पुढें जात नाहीं, आणि लहान मुलाला ती दाबतां येत नाहीं. हिची किंमत जास्त पडते. नव्यानें न्हाणीघर बांधावयाचें असेल तर ती द्यावी, असें माझें मत आहे. ऊन व गार अशा दोन स्वतंत्र मुठी असलेल्या जुन्या तोटीला मात्र कडें नसतें. तेथें टांकीची कळ उतरविणें, किंवा नळकारागिराकडून तोटीमागें मिश्रक बसवून घेणें, हाच मार्ग. आणि एक गोष्ट: टबाची तोटी सुरक्षित झाली म्हणून स्वयंपाकघरांतली आणि हात धुण्याची झाली असें नव्हे. तेथें ६१ चे ६१ च राहतात.

आपल्याकडील घरांविषयीं थोडेंसें. विजेच्या गिझरला बाहेरून फिरविण्याची कळ असेल तर ती कोठें आहे हें आज जाऊन पाहावें; पुष्कळांनीं ती कधीं पाहिलेलीच नसते. कळ आंत, झांकणाखालीं असेल तर स्वतः न उघडतां वीजकारागिरास बोलवावें. सूर्यकिरणांवर पाणी तापविणारे गच्चीवरचे बंब मात्र मला अधिक चिंतेचे वाटतात. विजेचा गिझर नेमलेल्या अंशांवर आपोआप थांबतो. सूर्याला अशी कळ नाहीं. घरांतलीं माणसें दोन दिवस गांवाला गेलीं आणि कडक ऊन पडलें, तर तिसऱ्या दिवशीं तोटींतून येणारें पाणी ७० अंशांच्या वर असूं शकतें. आणि ७० अंश म्हणजे एक सेकंद. त्यांतून पुष्कळ इमारतींत गच्चीवरच्या बंबाला पाणी पुरविणारी टांकी निराळी आणि गार नळाची निराळी. गार टांकी संपली तर मिसळण्याच्या तोटींतून निव्वळ कढत पाणी येतें. डोळ्यांत साबण गेलेला मनुष्य तोटी चांचपडत राहतो. पुण्यास परत आल्यावर मीं आमच्या बंबाच्या उतरत्या नळावर मेणाच्या डबीचा मिश्रक बसवून घेतला. वायूच्या गिझरचा धोका निराळ्याच जातीचा आहे. बंद न्हाणीघरांत त्याच्या ज्वलनानें विषारी वायु साठून माणसें दगावलीं आहेत. वारा खेळता असल्यावांचून तो तेथें असूंच नये. तो विषय स्वतंत्र भाषणाचा आहे.

बादलीनें स्नान करणाऱ्यांना आजीचा नियम जसाच्या तसा लागूं आहे: आधीं गार, मग ऊन. कढत पाण्याची बादली विसण आणावयास जाईपर्यंत न्हाणीघरांत एकटी ठेवणें, हें आपल्याकडील मुलें भाजण्याचें नेहमींचें कारण आहे. गार पाणी आधींच बादलींत असलें तर ती वेळच येत नाहीं. टब असो वा बादली, पाणी पुरतें तयार करून, तोटी बंद करून, मगच मुलाला आंत घ्यावें. बंद करतांना शेवटीं क्षणभर निव्वळ गार पाणी सोडावें, म्हणजे तोटीची धातु निवते व शेवटचे थेंबहि निरुपद्रवी होतात. मुलाची पाठ तोटीकडे असावी. आणि दाराची घंटा वाजो कीं दूरध्वनी वाजो, त्याला एकटें सोडूं नये.

इतकें करूनहि कोणी भाजलेंच, तर भाजलेला भाग ताबडतोब नळाच्या वाहत्या गार पाण्याखालीं धरावा आणि घड्याळ लावून वीस मिनिटें धरावा. आमच्या लहानपणीं शाई लावीत. मीं स्वतः वर्गांतल्या एका मुलाच्या हातावर दौत रिकामी केली आहे, त्याची आज मला लाज वाटते. शाई, हळद, तूप, दांत घासण्याचा लेप, बर्फ, यांतलें कांहींहि लावूं नये. ओले कपडे, बांगड्या, वाळे सूज येण्यापूर्वींच उतरवावे. कापड त्वचेला चिकटलें असेल तर मात्र तें ओढूं नये. वर स्वच्छ कापड सैल झांकून डॉक्टरांकडे जावें. लहान मूल असेल तर भाजणें थोडें दिसलें तरी जावें. बाकीचें अंग उबदार पांघरुणांत ठेवावें, कारण गार पाण्याखालीं मूल गारठतें.

आमच्या न्हाणीघरांत आतां खुंटीला एक उष्णतामापक टांगलेला असतो. माझ्या हातांवर माझा विश्वास उरलेला नाहीं, म्हणून मी तो रोज वापरतों. नात सुट्टींत येते तेव्हां आंकडे तीच वाचते. आमच्या मंडळींना हें सारें थोडें हास्यास्पद वाटतें. दिवाळींत अभ्यंगस्नानाच्या वेळीं त्यांनीं माळ्यावरचें जुनें घंगाळ काढलें, आधीं गार पाणी ओतलें, वरून कढत घातलें, ढवळलें, कोपर बुडवून पाहिलें आणि ‘झालें’ म्हणून त्या उठल्या. मीं मागाहून गुपचूप मोजलें. ४० अंश होते.